विषय: एमएसला पाच प्रीरिक्विझिट लागलेत, माफ करून घेऊ की करून टाकू?

प्रेषक: सौरभ

नमस्कार मंडळी,
मी ऑगस्टमध्ये डॅलसला एमएस कॉम्प्युटर सायन्ससाठी येतोय. बीई पुण्यातून, ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन), 2019 पॅटर्नचा अभ्यासक्रम. ॲडमिशन लेटरच्या दुसऱ्या पानावर पाच प्रीरिक्विझिट (म्हणजे आधी पूर्ण करायचे पायाचे विषय) लिहिलेत: डिस्क्रीट स्ट्रक्चर्स, अल्गोरिदम आणि डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम्स, ऑटोमाटा थिअरी, प्रोबॅबिलिटी. यांचे क्रेडिट डिग्रीच्या 33 मध्ये धरत नाहीत. म्हणजे 15 क्रेडिटची फी नुसतीच भरायची? बाबांनी कर्जाचा हिशेब चार सेमिस्टरचा मांडलाय. त्यांना हे अजून सांगितलेलं नाही.
दोन वर्षं नोकरीत रोज जावा लिहितोय. तो अनुभव धरतात का?
सौरभ

प्रेषक: अनघा

सौरभ,
आधी बाबांना सांग. मग पुढचं वाच.

मीही ई अँड टीसीचीच, 2011 ची. मला चार लागले होते, त्यातले दोन सुटले. नोकरीचा अनुभव माझ्या वेळी कोणी विचारलाही नाही. वेव्हर, म्हणजे विषयाची माफी, गुणपत्रिकेवरही मिळत नाही. गुणपत्रिकेत विषयाचं नुसतं नाव असतं आणि इथल्या ॲडव्हायझरला त्यावरून काहीच कळत नाही. विद्यापीठाच्या साइटवरून तुझ्या पॅटर्नचा पूर्ण अभ्यासक्रम काढ. मग तक्ता कर: डावीकडे त्यांच्या कोर्सचे मुद्दे, उजवीकडे तुझा विषय, युनिट, तास, पुस्तक, ग्रेड. तो माणूस दिवसाला असे पन्नास अर्ज बघत असणार. त्याला शोधायला लावलंस की उत्तर नाहीच.

तुला एसईला (दुसऱ्या वर्षाला) डेटा स्ट्रक्चर्स होतं ना? लिंक्ड लिस्ट, स्टॅक, ट्री सगळं जुळेल. पण त्यांचा कोर्स अल्गोरिदमसकट आहे, आणि अर्ध्या विषयाला वेव्हर नसतो. प्रोबॅबिलिटीला मात्र आशा आहे. नावावर जाऊ नकोस, डिजिटल कम्युनिकेशनचा अभ्यासक्रम उघड. रँडम प्रोसेसचं युनिट सापडलं तर ते दाखव. माझं त्यावरच सुटलं होतं. डिस्क्रीटसाठी प्लेसमेंट टेस्ट असते का ते विचार. असली तर उन्हाळाभर त्याचाच अभ्यास कर.

आता हिशेब. 33 क्रेडिट म्हणजे 11 विषय. दोन सुटले तर वरचे तीन धरून 14. एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) वर सेमिस्टरला साधारण 9 क्रेडिट घ्यावे लागतात आणि आमच्याकडे त्यात प्रीरिक्विझिटही धरायचे. म्हणजे आधी सगळे प्रीरिक्विझिट आणि मग डिग्री, असं नसतं. पहिल्या सेमिस्टरला दोन प्रीरिक्विझिट, एक डिग्रीचा. दोनदा चार-चार विषय घेतलेस तर 14 विषय चार सेमिस्टरमध्ये बसतात.

आणि टेक्ससमध्ये किमान हजार डॉलरची स्पर्धात्मक स्कॉलरशिप मिळाली तर बाहेरच्या विद्यार्थ्यालाही राज्यातल्यांची फी लावता येते. डिपार्टमेंटच्या सगळ्या स्कॉलरशिपना अर्ज कर. वेव्हरपेक्षा तिथे जास्त पैसे वाचतील.
अनघा

प्रेषक: श्रीकांतकाका

अनघाचं बहुतेक बरोबर आहे, पण चार-चार विषयांचा सल्ला मला पटत नाही. त्यातला एक ऑपरेटिंग सिस्टिम्स (ओएस) असेल तर रात्री झोप मिळणार नाही.

मी बरीच वर्षं कंपनीत इंटरव्ह्यू घेतले, आता कम्युनिटी कॉलेजात शिकवतो. सौरभ, अल्गोरिदमचा वेव्हर मिळत असला तरी घेऊ नकोस. आपल्याकडे डायक्स्ट्रा (सर्वांत जवळचा रस्ता शोधणारा अल्गोरिदम) कसा शिकतो? कागदावर ग्राफ, शेजारी तक्ता, सहा गुण. इथे पहिल्याच होमवर्कला विचारतील की एखाद्या कडेचं वजन ऋण असेल तर हा अल्गोरिदम का फसतो, उदाहरण दे आणि सिद्ध कर. सिद्ध करणं हा प्रकार आपण बारावीनंतर सोडूनच देतो. डिस्क्रीटमधलं इंडक्शन (पायरीपायरीने सिद्ध करायची पद्धत) तिथेच लागतं, म्हणून ते प्लेसमेंट टेस्टपुरतं वाचू नकोस.

ओएसचंही तसंच. बँकर्स अल्गोरिदमची मॅट्रिक्स भरून मार्क मिळवणं वेगळं आणि एक्सव्ही6 चा शेड्युलर सी भाषेत बदलणं वेगळं. (एक्सव्ही6 ही एमआयटीत 2006 साली मुलांना शिकवायलाच लिहिलेली युनिक्ससारखी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम. बऱ्याच ठिकाणी प्रोजेक्ट त्यावर असतात.) जावा लिहिणाऱ्या मुलाला पॉइंटरची सवय गेलेली असते. विमानात बसायच्या आधी सी उघड.

गंमत सांगतो. ज्यांना सहज वेव्हर मिळतो ती कॉम्प्युटर ब्रँचची मुलं पुढे अडकताना मी पाहिली आहेत. त्यांच्या टीईच्या (तिसऱ्या वर्षाच्या) विषयाचं नावच सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग अँड ऑपरेटिंग सिस्टिम. अर्धा वेळ असेम्ब्लर, मॅक्रो, लोडर. ओएस उरलेल्या अर्ध्यात. शीर्षकात नाव आहे म्हणून ॲडव्हायझर सही करतो आणि पोरगं थेट ॲडव्हान्स्ड ओएसमध्ये जाऊन बसतं. तुझ्या गुणपत्रिकेत ते नाव नाही, हे तुझं नशीब समज.

करिअर फेअर बहुतेक सप्टेंबरातच असतो. तिथून पुढच्या इंटरव्ह्यूत मशीन लर्निंग फार कोणी विचारत नाही. ॲरे, हॅश मॅप, ट्री, ग्राफ, म्हणजे ज्याची फी तुला वाया वाटते तोच कोर्स.

डिस्क्रीट आमच्या कॉलेजात स्वस्तात होईल असं कोणी सांगेल. होईलही, पण डिपार्टमेंट चालवून घेईल का हे आधी लेखी घे, आणि इंटरनॅशनल ऑफिसला विचारल्याशिवाय दुसरीकडे नाव घालू नकोस.
श्रीकांत

प्रेषक: अनघा

काका, तुमचं पटतं, पण फी तुम्ही भरत नाही आहात. एका विषयाची इथली फी म्हणजे पुण्यात एखाद्या घरी कित्येक महिन्यांचा पगार. मी ऑटोमाटा पूर्ण केलं, ए मिळवला. त्यातल्या ट्युरिंग मशीनशी (संगणकाचं कागदावरचं मॉडेल) त्यानंतर भेट नाही. हा नियम कोणासाठी आहे हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.
अनघा

प्रेषक: श्रीकांतकाका

कंपायलर घेतला असतास तर पहिल्याच आठवड्यात भेट झाली असती, निदान फायनाइट ऑटोमाटाशी. पण फीचं मान्य. प्रोबॅबिलिटीसाठी जरूर भांड.

प्रेषक: मीनल

आमच्या यांचं सिव्हिल झालंय, म्हणून विचारून ठेवते. अजून अर्जच केलेला नसेल तर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा एमसीआयटी किंवा नॉर्थईस्टर्न विद्यापीठाचा अलाइन हा कोर्स बघावा का? ते दुसऱ्या शाखांच्या लोकांसाठीच आहेत ना? पायाचे विषय त्यातच येतात असं वाचलं.
मीनल

प्रेषक: मंडळ सचिव

चर्चा छान चाललीये, पण गणपतीला मोदक आणणाऱ्यांची नावं या विषयाखाली पाठवू नका. तिघांनी पाठवलीत. मीनलवहिनी, तुमचा प्रश्न वेगळ्या मेलमध्ये टाका, इथे हरवेल.

प्रेषक: सौरभ

अनघाताई, श्रीकांतकाका, खूप आभार. काल ओरिएंटेशन झालं. प्रोबॅबिलिटी सुटली, डिजिटल कम्युनिकेशनच्याच जोरावर. डिस्क्रीटची टेस्ट पास झालो, पण इंडक्शनचा प्रश्न चुकला, त्यामुळे काकांनी सांगितलेलं वाचायला घेतलंय. अल्गोरिदमचा वेव्हर मागितलाच नाही. या सेमिस्टरला अल्गोरिदम, ऑटोमाटा आणि डिग्रीचा एक विषय. ओएस जानेवारीत, त्याच्याबरोबर दोनच.

बाबांना सांगितलं. ते फीबद्दल काही बोलले नाहीत. ऑटोमाटा म्हणजे काय, एवढंच विचारलं. मला सांगता आलं नाही.

अल्गोरिदमचं जाड पुस्तक कोणाकडे पडून असेल तर गणपतीला घेऊन याल का? जुनी आवृत्ती चालेल.
सौरभ