काकांची जुनी रॅले: गिअर नवे बसवायचे, पण रंगाचे काय करावे?

शहापूरचा पुतण्या (बेळगाव)

नमस्कार मंडळी. माझ्या थोरल्या काकांनी १९७० च्या दशकात इंग्लंडहून परतताना आणलेली रॅले कंपनीची रेसिंग सायकल आमच्या शहापुरातल्या जुन्या घराच्या माळ्यावर कित्येक वर्षे गोणपाटात गुंडाळून ठेवलेली होती. यंदा घराची कौले उतरवताना ती खाली आली. पुढचा बगळ्याचा बिल्ला शाबूत आहे, सीटखालच्या नळीवर रेनॉल्ड्स ५३१ या पोलादी नळ्यांचे लेबल अर्धेमुर्धे वाचता येते, रंग गडद हिरवा असून सांध्यांवरच्या लगांना (नळ्या जोडणाऱ्या बाह्यांना) बारीक सोनेरी रेघ ओढलेली आहे. पुढे दोन चकत्या, मागे पाच चकत्यांचे फ्रीव्हील, ह्युरेचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग), वाइनमनचे मधून ओढणारे ब्रेक आणि कॉटर पिनांनी बसवलेले क्रँक (पायडलचे दांडे), असा तिचा जामानिमा आहे.

ती मला शोभेसाठी ठेवायची नाही. दर रविवारी जांबोटीपर्यंत आणि जमले तर कणकुंबीहून चोर्ल्याच्या तोंडापर्यंत जाता यावे, एवढी माझी इच्छा आहे. त्यासाठी मागे आठ गिअर, ब्रेकच्या मुठीतच गिअर बदलण्याची सोय आणि सहज टायर मिळतील अशी चाके हवी आहेत. गावातल्या एका दुकानात नवा कार्ट्रिज बीबी (क्रँक ज्यावर फिरतात तो बेअरिंगचा बंद संच) बसवून पाहिला, तर तो तीन फेरे आत जाऊन जाम झाला. मिस्त्री आणखी मोठा पाना आणायला निघाले, तेव्हा मी काम थांबवले. टायर मागितला तर '२७ ची साइज' म्हणून जो दिला, तो रिमवर चढलाच नाही.

शेवटचा प्रश्न रंगाचा. फ्रेम पूर्ण उतरवून नव्या भागांना साजेसा काळा रंग द्यावा, की आहे त्या हिरव्या रंगाला जुळतील असे भाग शोधावेत?

उद्यमबागचा टर्नर

तुम्ही मिस्त्रींना मोठा पाना घेऊ दिला नाहीत, हे फार चांगले केलेत, कारण त्या पान्याने फ्रेमच्या पोटातले आटे कायमचे गेले असते. इंग्रजी मापाच्या बीबीचा व्यास १.३७ इंच असतो आणि इंचाला २४ आटे असतात. आज दुकानात सर्रास मिळणारा आट्यांचा कार्ट्रिज याच मापाचा असतो. नॉटिंगहॅमच्या कारखान्यात मात्र रॅलेने आपल्या बहुतेक सायकलींसाठी इंचाला २६ आट्यांचे स्वतःचे माप चालवले होते. व्यास जवळजवळ सारखाच असल्याने नवा कप (बीबीच्या नळीत दोन्ही बाजूंनी बसणारी आट्यांची वाटी) तोंडाशी बेमालूम धरतो. पण एकाची पिच (दोन आट्यांमधले अंतर) सुमारे १.०६ मिलिमीटर आणि दुसऱ्याची ०.९८, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला आठ शतांश मिलिमीटरचा फरक साठत जातो आणि दोन-तीन फेऱ्यांत कप अडतो. तुमच्याकडे नेमके हेच झालेले दिसते.

खात्री करायला महागडे हत्यार लागत नाही. जुना कप काढून रॉकेलने स्वच्छ करा, त्याच्या आट्यांवर पातळ कागदाची पट्टी दाबून उमटलेल्या रेघा मोजा. अर्ध्या इंचात १२ भरल्या तर २४ चे माप, १३ भरल्या तर २६ चे. कप काढताना एक गोष्ट मात्र विसरू नका: चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो, तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. आमच्या वर्कशॉपमध्ये येणाऱ्या अशा फ्रेमपैकी निम्म्या तरी कुणीतरी हा कप 'सोडवण्याच्या' नादात आणखी आवळून आणलेल्या असतात.

२६ चे माप निघाले तर २४ चा टॅप घालून नवे आटे पाडण्याचा मोह टाळा. जुन्या आट्यांच्या डोक्यावरून नवे आटे तिरके जातात आणि धरायला धड दोन्हींपैकी एकही उरत नाही. त्यापेक्षा जुनेच कप तपासा. आतली बॉल-रेस (छर्रे ज्यावर फिरतात ती खाच) आरशासारखी गुळगुळीत असेल, खड्डे नसतील, तर ते कप तसेच ठेवून फक्त कॉटर नसलेल्या क्रँकसाठी चौकोनी टोकाचा एक्सल घाला आणि पाव इंची छर्रे, पिंजऱ्याशिवाय, दर बाजूला अकरा भरा. एक्सल विकत घेताना जुना एक्सल आणि बीबीच्या नळीची रुंदी सोबत न्या, कारण दोन रेसमधले अंतर जुळले नाही तर कप कितीही फिरवा, खडखड जाणार नाही. कप खराबच असतील तर आट्यांवर न बसता आतून फुगून घट्ट धरणारा कार्ट्रिजही मिळतो, पण तो माझ्या दृष्टीने दुसरा पर्याय आहे.

हँडलखालच्या बॉल-रेसलाही बहुधा हेच २६ चे आटे असतील. ती बदलायच्या फंदात पडू नका. नवे छर्रे आणि ग्रीस एवढे तिला पुरे. कॉटर पिना काढताना क्रँकखाली जाड पाइपचा टेकू द्या. टेकूशिवाय हातोडा मारलात तर सगळा मार छर्ऱ्यांना आणि रेसला बसतो.

निपाणीचा घाटवाला

टर्नरदादांनी पोटातले सांगितले, मी चाकांचे सांगतो. तुम्हाला दुकानात जो टायर दिला तो बहुतेक साडेसत्तावीसचा, म्हणजे माउंटन सायकलचा असणार. टायर जिथे रिमवर बसतो तिथला व्यास त्याचा ५८४ मिलिमीटर, आणि तुमच्या जुन्या '२७ x १ १/४' चा ६३०. चढणार तरी कसा? आपल्या दूधवाल्यांच्या दांडीच्या सायकलीचा २८ x १ १/२ चा टायर आणखी वेगळा, ६३५ चा. इंचांच्या आकड्यांवर विश्वास न ठेवता टायरच्या बाजूला कोरलेला तीन आकडी व्यास वाचायची सवय लावून घ्या.

तुम्ही ७०० सी, म्हणजे ६२२ ची चाके घालावीत असे माझे मत आहे. व्यासात आठ मिलिमीटरचा फरक म्हणजे ब्रेकचे शू चार मिलिमीटर खाली सरकवायचे, आणि वाइनमनच्या लांब हातांना बहुधा तेवढी जागा असते. शिवाय तेवढीच जागा टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये मोकळी होते, त्यामुळे २८ मिलिमीटर रुंदीचा किंवा नशिबाने ३२ चा टायर बसतो. खानापूरच्या पुढचे रस्ते पावसाळ्यानंतर कसे होतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. नवे ब्रेक घ्यायचेच ठरवले तर दोन गोष्टी पाहा: ते लांब पोहोचणारे असावेत आणि मागे साध्या नटाने आवळणारे असावेत. आजचे बहुतेक ब्रेक अॅलन नटाचे असतात आणि त्यासाठी चिमट्याच्या मागच्या बाजूचे भोक मोठे करावे लागते.

आता मागच्या हबचे, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचे. पाच गिअरच्या काळात चाकाचा एक्सल धरणाऱ्या मागच्या दोन पट्ट्यांमधले अंतर साधारण १२० मिलिमीटर असे, सहा-सात गिअरच्या काळात १२६ झाले आणि आजच्या आठ गिअरच्या रोड हबला १३० लागते. फ्रेम पोलादी असल्यामुळे ती थंड अवस्थेत हळूहळू फाकवता येते. अॅल्युमिनियमची असती तर मी हा विषयच काढला नसता. दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलिमीटर, आणि ते सारखेच, हे महत्त्वाचे. मी माझी फ्रेम आट्याचा रॉड आणि दोन नट लावून फाकवली आणि मोठ्या समाधानाने दोरा लावून पाहिला, तर एकच बाजू वाकली होती. दोरा मागच्या एका पट्टीपासून पुढच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या पट्टीपर्यंत ताणायचा आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचे अंतर मोजायचे. माझ्याकडे तीन मिलिमीटरचा फरक निघाला. मग एकेक बाजू वेगळी धरून, लांब लाकडाने, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी दोन्ही पट्ट्या एकमेकींना समांतर करून घ्या, नाहीतर एक्सल वाकतो.

हा सगळा उपद्व्याप कशासाठी, तर चढासाठी. जुन्या बांधणीत पुढे ४० आणि मागे २८ दाते धरले तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ३.०५ मीटर पुढे जाते. पुढे ३४ आणि मागे ३२ ठेवले तर २.२७ मीटर. वंटमुरी घाटात भरल्या पिशवीने चढताना हा पाऊण मीटरचा फरक गुडघ्यांना लगेच कळतो.

मुठीतले गिअर घेणार असाल तर ह्युरेचा डिरेलर निवृत्त करावा लागेल, कारण नव्या लिव्हरच्या प्रत्येक खटक्याला किती केबल ओढली जाते आणि जुना डिरेलर तेवढ्यात किती सरकतो, याचा मेळ बसत नाही. खालच्या नळीवर जुन्या लिव्हरचा पट्टा असेल, तर त्याच जागी २८.६ मिलिमीटरचा केबल थांबवणारा पट्टा येतो. आणि खर्च वाचवायचा असेल तर खटका नसलेल्या जुन्या लिव्हरच ठेवा. त्यांना मागे पाच गिअर आहेत की आठ, याच्याशी काही देणेघेणे नसते.

शहापूरचा पुतण्या

दोघांचेही मनापासून आभार. कागदाच्या पट्टीवर अर्ध्या इंचात १३ रेघा उमटल्या, म्हणजे टर्नरदादांचा अंदाज बरोबर निघाला. कपांची रेस स्वच्छ आहे. मागचे अंतर १२१ भरते. उरला रंग. १९८० मध्ये योप झूटेमेल्क या डच शर्यतपटूने ज्या टीआय-रॅले संघाकडून टूर द फ्रान्स जिंकली, त्या संघाच्या लाल-पिवळ्या-काळ्या रंगात फ्रेम रंगवावी, असे आता मनात येऊ लागले आहे.

रंगपेटी (खानापूर)

भाऊ, लाल-पिवळ्या पट्ट्यांची सायकल घेऊन आपल्या भागात निघालात तर लोक तिला सायकल न समजता लाल-पिवळे कन्नड निशाण समजतील, आणि त्याऐवजी भगवी रंगवलीत तरी तेच. कन्नड रक्षणवाले कोण आणि महाराष्ट्र एकीकरण समितीवाले कोण, याचा खुलासा चढावर धापा टाकत करत बसावा लागेल. हा विनोद सोडला तरी तो रंग तुमच्या फ्रेमचा नाही. बियांकी या इटालियन कंपनीचा तो फिकट आकाशी-हिरवा रंग १९४९ आणि १९५२ ला टूर जिंकणाऱ्या कोप्पीच्या सायकलीवर शोभला, कारण ती त्याच घराण्याची होती. तुमच्याकडे गडद हिरवा आणि सोनेरी रेघ हे मूळचेच आहे, ते घालवून उसने कशाला आणता?

माझ्या हातून एक फ्रेम बिघडली आहे, म्हणून सांगते. गंज जास्त वाटला म्हणून मी ती सँडब्लास्ट करून पावडर कोटिंगला दिली. भट्टी १८० ते २०० अंशांची असते, त्या उष्णतेने पितळेच्या सांध्यांना काही होत नाही, तशी भीती घालणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. पण पावडरीचा थर जाड बसतो. लगांच्या ज्या कडा कारागिराने कानशीने घासून सुरीसारख्या पातळ केल्या होत्या, त्या साखरेच्या पाकात बुडवल्यासारख्या गोल झाल्या. बीबीचे आटे झाकायला सांगितले नव्हते, ते वेगळे खरवडावे लागले. त्यात ५३१ च्या नळीची जाडी मिलिमीटरभरही नसते, तिच्यावर जोराने वाळू मारणे मला आता धाडसच वाटते.

तुमचा रंग ओल्या मऊ कापडाने पुसा, मग गाडीचे साधे पॉलिश थोडेसे, आणि जिथे टवका उडाला आहे तिथे गंज घासून, प्रायमर देऊन, बारीक कुंचल्याने हिरवा भरा. रंगाच्या दुकानात मिश्रण करून घेताना बाहेरच्या पृष्ठभागाचा नमुना देऊ नका. केबलच्या पट्ट्याखाली किंवा बिल्ल्याखाली जो ऊन न लागलेला रंग असतो तो दाखवा, आणि मग फ्रेमशी ताडून एक छटा फिकट घ्या, कारण उघड्यावरचा रंग तेवढा विटलेला असतो.

आता भाग. आजकालचा बराचसा माल काळा किंवा करडा येतो. बोटभर जाडीच्या जुन्या नळ्यांमध्ये काळे रुंद रिम आणि काळे क्रँक घातले की फ्रेम काडीसारखी दिसते आणि चाकेच डोळ्यांत भरतात. म्हणून रिम, हब, क्रँक, हँडलचा दांडा आणि सीट पोस्ट चंदेरी घ्या. मुठीतल्या लिव्हर काळ्या मिळाल्या तर मिळू द्या, टेपजवळ त्या खपून जातात. हँडलची टेप आणि सीट एकाच तपकिरी रंगाची, टायर गव्हाळ कडांचे, बस्स. सोनेरी चेन किंवा सोनेरी केबल लावून ती रेघ 'उठवायचा' प्रयत्न करू नका, ती पातळ आहे म्हणूनच सुंदर आहे. खऱ्या चामड्याची सीट मात्र विचार करून घ्या; आमच्याकडे आषाढात माझ्या सीटवर अशी हिरवी बुरशी आली की ती फ्रेमला अगदी जुळत होती.

आणि रंग बाहेरून जपताना आतून नळ्या गंजतात, ते विसरू नका. बीबी उघडलेलाच आहे, तर उकळलेले जवसाचे तेल आत ओतून फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा, जादा निथळू द्या आणि आठवडाभर वाळवा. घरात चटणीसाठी असलेल्या जवसाचे साधे तेल घालू नका, ते फार सावकाश वाळते.

जुने तेच बरे (संकेश्वर)

मला हे सगळे पटत नाही. इतक्या वर्षांची फ्रेम फाकवून, डिरेलर काढून जी उरेल ती काकांची सायकल कशी म्हणायची? १२६ चा हब आणि सात गिअर घेतले तर दर बाजूला जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर वाकवावे लागेल, आणि जुन्या लिव्हरही राहतील. काढलेला प्रत्येक भाग डब्यात नाव लिहून जपून ठेवा, एवढे तरी कराच.

शहापूरचा पुतण्या

संकेश्वरच्या काकांचे म्हणणे मी घरी वाचून दाखवले. थोरले काका आता ऐंशीच्या पुढे आहेत. ते म्हणाले, डिरेलर त्यांना तेव्हाही आवडत नव्हता, चढावर चेन हमखास पडायची. हिरव्या रंगाला मात्र हात लावायचा नाही. त्यामुळे रंगपेटीताईंचा सल्ला जसाच्या तसा, आणि गिअरच्या बाबतीत मधला मार्ग: १२६ चा हब, सात गिअर, नवा डिरेलर आणि जुन्याच लिव्हर. पुढे चकत्या मात्र लहान घेणार, घाटवाल्यांचा हिशोब डोक्यातून जात नाही.

दोरा लावून मोजमाप सुरू केले आहे. तूर्त सीट पोस्ट नळीत गच्च बसला आहे. अॅल्युमिनियमचा पोस्ट आणि पोलादी नळी, मधे ग्रीसचा थेंब नाही. फ्रेम उलटी टांगून आता वर आलेल्या बीबीच्या तोंडातून रोज गंज सोडवणारे तेल सोडतो आहे. आज चौथा दिवस, आणि सकाळी पोस्टच्या कडेला तेलाची एक बारीक ओली रेघ दिसली.