सीएमएल (एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर): रिपोर्ट चांगला, तरी दिवस ढकलावा लागतो

कृष्णाकाठची
मी सांगलीजवळच्या गावात प्राथमिक शिक्षिका. दीड वर्षापासून या आजारावरची इमॅटिनिब ४०० ही रोजची गोळी चालू आहे. रक्तात आजार किती उरलाय ते सांगणारं बीसीआर-एबीएल ०.०८ टक्क्यांवर आलंय. डॉक्टर खूश, घरचे खूश. पण फळ्यावर लिहिताना खडू धरलेली बोटंच आखडतात. रात्री पोटरीत असे गोळे येतात की ओरडत उठते. सकाळी डोळे सुजलेले, मुलं विचारतात, "बाई, रडलात का?" दुपारनंतर अंगात त्राण उरत नाही. "कॅन्सर असून एवढी हिंडतेफिरतेस, आणखी काय हवं?" हे ऐकल्यावर तक्रार कुणाकडे करायची? गोळी एक दिवसाआड घेतली तर चालेल का?

वारणेकर
ताई, एक दिवसाआड अजिबात नको. खाडे पडत गेले की आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो. डोस कमी करायचा की गोळी बदलायची, ते डॉक्टर ठरवतील; पण त्यासाठी त्यांना त्रास कळला पाहिजे. ओपीडीत केवढी गर्दी! "बरं आहे" म्हटलं की विषय संपला. मी २००९ पासून हीच गोळी घेतोय. गोळा कधी आला, किती वेळ टिकला, ते वहीत लिहून नेतो. वही बघूनच माझं कॅल्शियम, मॅग्नेशियम, फॉस्फरस तपासलं गेलं. थकव्यासाठी हिमोग्लोबिन आणि थायरॉइडचंही विचारा. गोळी भरपेट जेवणासोबत, मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्या, लगेच आडवं होऊ नका. सुजेसाठी मी लोणचं-पापड कमी केलं. या गोळीवर ग्रेपफ्रूट वर्ज्य. पपनस त्याच कुळातलं, म्हणून गणपतीतही मी त्याला हात लावत नाही.

लेक
आईला निलोटिनिब (याच आजारावरची दुसरी गोळी) आहे, त्या गोळीचा नियम उलटा: गोळीआधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. तेव्हा 'जेवणासोबत' हे सरसकट कुणी उचलू नका. आणि शेजारपाजारचे काढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, प्लीज.

कृष्णाकाठची
दादा, एक दिवसाआडचा विचार सोडला. वही आजच घातली. मुख्याध्यापकांशीही बोलले, गणित-भाषा सकाळी उरकून दुपारी बसून गोष्टी-वाचन घ्यायचं ठरलंय. रात्री गोळा येतो त्या क्षणी काय करता?

वारणेकर
गुडघा सरळ ठेवून चवडा हळूहळू स्वतःकडे ओढायचा. हात पोचत नसेल तर पंचा चवड्यात अडकवून ओढा. सुटल्यावर गरम पाण्याची पिशवी. एकाच पायाला सूज आणि दुखणं राहिलं, तर मात्र वाट न पाहता दाखवा.