लग्नाचे विधी, नोटीस, सह्या: तुमचे अनुभव सांगा

भाचीचं लग्न ठरलंय. मुलगा तिच्याच ऑफिसमधला, मल्याळी ख्रिश्चन, दोन्ही घरं आता कुठे शांत झालीयेत आणि आम्ही तारखा बघायला लागलोय. तिचे बाबा नाहीत त्यामुळे सगळं ताईवर नि माझ्यावर आहे. माझ्या स्वतःच्या लग्नात सगळं आईबाबांनी केलं, मी फक्त बोहल्यावर उभी राहिले, म्हणून यातलं मला खरंच काही ठाऊक नाही. रजिस्टर, वैदिक, सत्यशोधक, कसंही असो, तुम्ही काय केलंत, कुठे अडलात, काय मनासारखं झालं ते सविस्तर लिहा. हॉल नि जेवणाचं सोडून द्या, विधी आणि कागदपत्रं यांचंच टेन्शन आहे.

*

आमचंही आंतरधर्मीय, पुण्यात, विशेष विवाह कायदा १९५४ खाली. पहिलं हेच सांगते की विवाह अधिकाऱ्याकडे लग्नाची नोटीस आधी द्या, हॉल नंतर बघा. आम्ही उलटं केलं. हॉल मिळाला ८ डिसेंबरचा, पत्रिका वाटून झाल्या, आणि नोटीस दिली १२ नोव्हेंबरला. नोटिशीनंतर ३० दिवस थांबावं लागतं हे सगळ्यांना माहीत होतं पण कॅलेंडर घेऊन कुणीच मोजलं नाही. शेवटी ८ ला नुसतं जेवण झालं आणि सह्या १४ ला. सासूबाई हॉलमध्ये सारख्या म्हणत होत्या, अजून लग्न लागलेलं नाही तर मी हिला घरी कशी नेऊ. ते अजून मनात आहे माझ्या.

नोटीस देण्याआधी दोघांपैकी एकाने तरी त्या जिल्ह्यात ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. आमचा फ्लॅट भाड्याचा, पण भाडेकरार रजिस्टर्ड होता म्हणून निभावलं. नोटीस ३ महिने चालते, त्यात लग्न नाही झालं तर परत पहिल्यापासून. आणि ती ऑफिसात बोर्डावर लागते, कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडेही जाते, तेव्हा ज्या काका-मामांना अजून सांगितलं नाहीये त्यांना आधी स्वतः जाऊन सांगा.

तीन साक्षीदार लागतात. आणि एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचं जे वाक्य म्हणायचं असतं ते तुम्हाला दोघांना कळणाऱ्या कुठल्याही भाषेत चालतं. मी मराठीत म्हणाले, माझ्या आईला तो शब्द न् शब्द कळला, आणि तिथे त्या फायलींच्या कपाटासमोर ती रडली.

*

वरच्या ताईंना जोडून एवढंच, विवाह अधिकारी जवळपासच्या हॉलवर किंवा घरीसुद्धा येऊ शकतात, त्याची वेगळी फी भरावी लागते. आम्ही ठाण्यात तसंच केलं. आजोबांना जिना चढवत नव्हता, त्यांच्या डोळ्यांसमोर सह्या झाल्या. नोटीस देतानाच विचारून ठेवा.

*

मी सातारकडची. माझे मिस्टर जाऊन अकरा वर्षं झाली, लेक मीच वाढवली. लग्न ठरल्यावर आमचे नेहमीचे गुरुजी म्हणाले, कन्यादानाला दीर-जाऊ बसतील, तुम्ही मागे बसा. देवक बसवतानाही मी नको. मी तिथं काही बोलले नाही, घरी येऊन रात्रभर जागी होते. लेकीला कळलं तेव्हा ती म्हणाली, आई तू पाटावर बसणार नसशील तर मला हे लग्नच नको.

मग पुण्याच्या नात्यातल्या एकींनी ज्ञान प्रबोधिनीच्या पद्धतीबद्दल सांगितलं, तिथं बायकासुद्धा पौरोहित्य शिकतात आणि मंत्राचा अर्थ मराठीत सांगतात. आमच्याकडं आलेल्या बाई पन्नाशीच्या होत्या. आधी अर्धा तास फोनवर बोलल्या, कोणता विधी ठेवायचा कोणता नको हे लेकीला नि जावयाला विचारून घेतलं. ग्रहमख, म्हणजे लग्नाआधीची ग्रहांची पूजा, मी केला. अंतरपाटाच्या मागे लेकीला मी उभी केली. सप्तपदीला एकेका पावलाचा अर्थ सांगितला तेव्हा आख्खा मांडव गप्प होता, आमच्याकडं लग्नात असं कधी होत नाही, बायका गप्पा मारत असतात आणि पुरुष पंगतीकडं बघत असतात.

धाकट्या जाऊबाई आधी नाराज होत्या. सूनमुख झाल्यावर जवळ येऊन हात धरला माझा. गुरुजींशी बोलायचं ते सुपारी फुटायच्या आधी बोला, ऐन वेळी वाद घातला की पाहुण्यांसमोर आपणच वाईट ठरतो.

*

कोल्हापूर. आमचं सत्यशोधक पद्धतीनं झालं. जोतीरावांनी २४ सप्टेंबर १८७३ ला समाज काढला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिलं लग्न लागलं, म्हणजे ही पद्धत कालपरवाची नाही हे आजीला समजवायला मला दोन महिने लागले. तिचं म्हणणं मुहूर्त नाही, अक्षता नाहीत, मग ते लग्न कसलं. अक्षतांच्या जागी आम्ही झेंडूच्या पाकळ्या दिल्या.

खरी गोष्ट मंगलाष्टकांची आहे. जोतीरावांच्या मंगलाष्टकांत नवरी-नवरा आळीपाळीनं बोलतात, ती बायकांच्या हक्काचं मागते आणि तो तसं वागायचं वचन देतो, सगळ्यांच्या पुढं, मोठ्यानं. आम्ही दोघांनी ती पाठ केली होती. बायकोचा आवाज चढत गेला तशी माझी आजी पुढं सरकून बसली. नंतर म्हणाली, आमच्या वेळी असं कुणी विचारलं असतं तर.

नोंदणीसाठी ग्रामपंचायतीत नमुना ड भरला, लग्न लावणाऱ्याची सही त्यावर लागते, ती त्याच दिवशी मांडवात घेऊन टाकावी.

*

डिचोली, गोवा. आमच्याकडे हिंदू असो, ख्रिश्चन असो की मुसलमान, सगळ्यांना सिव्हिल रजिस्ट्रारकडे जावंच लागतं. पहिली सही म्हणजे लग्न करायचा इरादा आहे असं सांगणं, मध्ये काही दिवस जातात, मग आम्हा हिंदूंची दुसरी सही. दुसरी झाली की लग्न. देवळातलं लग्न मोठं थाटात केलं तरी दुसरी सही नसेल तर कायद्याने काही नाही. आणखी एक, लग्नानंतर मालमत्ता दोघांची सामायिक होते, वेगळी ठेवायची असेल तर करार लग्नाच्या आधीच करावा लागतो, नंतर बदलता येत नाही. मी आणि नवऱ्याने पहिल्या सहीच्या आधी बसून यावर बोलून घेतलं, आणि जसं आहे तसंच ठेवलं.

*

नागपूर. आमचं बौद्ध पद्धतीनं, त्रिशरण पंचशील, पांढरे कपडे, बौद्धाचार्यांनी लावलं, पाऊण तासात. त्यात काहीच अडलं नाही. अडलं नंतर. मी जर्मनीत नोकरी करते, नवऱ्याच्या व्हिसासाठी विवाह प्रमाणपत्र हवं होतं, आणि त्यावर माझं नाव पासपोर्टपेक्षा एका अक्षरानं वेगळं. पत्रिकेत जसं छापलं तसंच फॉर्मवर गेलं आणि सही करताना कुणी वाचलं नाही. दुरुस्तीच्या फेऱ्यांत सहा आठवडे गेले, तेवढे दिवस तो इकडे नि मी तिकडे. पत्रिका छापायला देतानाच पासपोर्ट समोर ठेवा, आईवडिलांच्या नावांचंही स्पेलिंग बघा.

*

सगळ्यांना मनापासून थँक्यू. ताईला हे सगळं काल रात्री वाचून दाखवलं. भाची नि तो या आठवड्यात नोटीस देतायत, तारीख त्यानंतर मोजून धरणार, आणि त्यांच्या चर्चमध्येही पुढच्या रविवारी बोलायला जातोय. मराठी विधी छोटासा करायचाय घरीच.

सातारच्या ताई, ग्रहमखाला तुम्ही एकट्याच बसलात का, की शेजारी कोणी होतं? आमची ताई विचारतेय.