८० हजार जमलेत, अँप (अँप्लिफायर) बदलू की खोली?

रेकॉर्डवेडा
डोंबिवलीत १२ बाय १२ ची एक खोली गाण्यासाठी राखून ठेवली आहे (म्हणजे पाहुणे नसतील तेव्हा). मरांट्झचा पीएम६००६ अँप, ८ ओहमला ४५ वॉटचा. ऑडिओ टेक्निकाचा एलपी१२०एक्स टर्नटेबल, त्यावर मूळचंच व्हीएम९५ई कार्ट्रिज (सुई बसते तो भाग). स्पीकर बुकशेल्फ, पण चांगले. सेट वाईट अजिबात नाही. परवा एका दुकानात १०० वॉटचा अँप ऐकला आणि झोप उडाली. घरी येऊन रेकॉर्ड लावली तर डग्गा नुसता घुमतोय, आणि बाजू संपत आली की गाणं चरचरायला लागतं. अँप घ्यायचं जवळजवळ ठरलंय. कुणाला अडवायचं असेल तर आत्ताच अडवा.

अर्धा अभियंता
अडवतो. ४५ चे १०० वॉट केलेत की पदरात पडतात साडेतीन डेसिबल. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. दुकानात तुम्ही अँप नाही, दुकानाची खोली ऐकून आलात.
तुमची खोली चौरस आहे, तिथेच घोळ आहे. १२ फुटांच्या दोन भिंतींत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून घुमतो, मग ९४ चा. लांबी-रुंदी सारखीच, म्हणून दोन्हीकडून एकाच सुरावर भर. डग्ग्याचा घुमारा त्याच्याच शेजारपाजारचा. बसता कुठे तुम्ही?

रेकॉर्डवेडा
दिवाणावर. मागच्या भिंतीला टेकून.

अर्धा अभियंता
झालं! बेस सगळ्यात जास्त साचतो तो भिंतीपाशी. दिवाण अडीच फूट पुढे ओढा, खर्च शून्य. नंतर वाटलं तर कोपऱ्यांत रॉकवूलचे (आवाज शोषणाऱ्या दगडी लोकरीचे) जाड पॅनेल लावा. पडद्यांच्या नादी लागू नका, त्यांनी वरचे सूर मरतात आणि बेस तसाच राहतो. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवण्याबद्दल तर बोलायलाच नको.

कानसेन
आलं खोलीपुराण. अहो, मोठा अँप मोठ्या आवाजासाठी घेतात हे तुम्हाला कुणी सांगितलं? स्पीकरवर ८ ओहम छापलेलं असलं तरी काही सुरांना तो ४ च्या जवळ उतरतो. तिथे करंट पुरवायला दम लागतो. मी तीन वर्षांपूर्वी अँप बदलला. खोली तीच, खुर्ची तीच. डग्ग्यावर तळहात घासल्याचा आवाज तेव्हा पहिल्यांदा सुटा ऐकू आला.

अर्धा अभियंता
दोन्ही अँपचा आवाज मीटर लावून सारखा केला होतात? एखादा डेसिबल जास्त असला तरी तोच अँप 'मोकळा' वाटतो.

कानसेन
वरणात मीठ कमी आहे हे सांगायला तराजू लागत नाही.

अर्धा अभियंता
नाही लागत. पण दोन वरणांची तुलना करताना एक गरम आणि एक गार वाढत नाहीत.

पेनड्राइव्ह
रेकॉर्डी माळ्यावर टाका, हाय-रेझ (सीडीपेक्षा बारीक नोंदीचं डिजिटल) गाणं वाजवणारा डॅक घ्या. विषय संपला.

अर्धा अभियंता
मेयर आणि मोरान या दोघा अभ्यासकांनी २००७ मध्ये हाय-रेझ डिस्क थेट आणि सीडीच्या दर्जावर उतरवून, अशी दोन्ही प्रकारे लोकांना न सांगता ऐकवली. ५५४ वेळांपैकी २७६ वेळा बरोबर ओळखलं. नाणं उडवूनही तेवढंच जमलं असतं.

सतारवाली
तुम्ही भांडा निवांत, पण बाजू संपताना चरचर होते हे त्यांनी पहिल्याच पोस्टीत लिहिलंय. ते कुणीच वाचलेलं दिसत नाही. ती चरचर अँपने जाणार नाही आणि दिवाण ओढूनही नाही.
रेकॉर्ड फिरते एकाच वेगाने, मिनिटाला ३३⅓ फेरे. पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला अर्धा मीटर खाच सरकते, आणि लेबलजवळ जेमतेम २०-२१ सेंटीमीटर. तेच सूर निम्म्याहून कमी जागेत कोरलेले. त्यात ख्यालाच्या रेकॉर्डचं दुर्दैव बघा: विलंबित ऐसपैस बाहेर पसरतं, आणि द्रुत, ताना सगळं आत कोंबलेलं! म्हणजे जिथे गाणं रंगतं तिथेच सुई हरते.
तुमची सुई लंबगोल टोकाची आहे. त्याच कार्ट्रिजवर मायक्रोलिनियर म्हणजे एमएल सुई (जास्त बारीक धारेच्या टोकाची) बसते. जुनी ओढून काढायची, नवी दाबून बसवायची. माझ्याकडे बाबांच्या रेकॉर्डी आहेत. सुई बदलल्यावर शेवटच्या ताना दाणा दाणा सुटून ऐकू आल्या. ज्या रेकॉर्डी जुन्या सुईने आधीच खरवडल्या होत्या, त्यांचं मात्र काही झालं नाही. ८० हजारांतले बहुतेक शिल्लक राहतील.

कानसेन
सुईचं मान्य. शिल्लक पैशांत अँप येतोच की.

रेकॉर्डवेडा
दिवाण ओढला. दार अर्धंच उघडतंय, पण डग्गा बऱ्यापैकी आवरला. एमएल सुई मागवली. दुकानातला तो अँप काही डोक्यातून जात नाही, हेही खरं सांगतो.

कानसेन
जाणारच नाही. रविवारी माझा अँप उचलून घेऊन येतो. तुमच्याच खोलीत ऐका. चहा तुमचा.

अर्धा अभियंता
मी मीटर घेऊन येतो.

रेकॉर्डवेडा
या दोघंही. फक्त दिवाण परत भिंतीला गेलाय. सासूबाई आल्यात.