क्योतोहून नारा: एका दिवसात जमेल का?

प्रश्न: रेल्वेने जपान फिरताना क्योतोच्या मुक्कामात एक दिवस मोकळा मिळतो आहे, त्यात फुशिमी इनारी देवस्थान आणि नारा शहर ही दोन्ही ठिकाणे धावपळ न करता पाहून होतील का?

उत्तर १: सहज होतील. जेआरच्या (जपान रेल्वेच्या) नारा मार्गावर क्योतोपासून दुसरेच स्थानक इनारी आहे. मात्र जलद गाडी तेथे थांबत नाही, म्हणून साधीच गाडी पकडावी.

उत्तर २: नारामध्ये तोदाइजी मंदिराला अधिक वेळ द्यावा. तेथील सुमारे १५ मीटर उंचीच्या कांस्य बुद्धमूर्तीचा नेत्रोन्मीलन (डोळे उघडण्याचा) सोहळा इ.स. ७५२ मध्ये झाला. बाहेर बिस्किटे विकत घेताच हरणे मान लववून नमस्कार करतात आणि जरा उशीर झाला की सदऱ्याचे टोक ओढतात. माझा नकाशा तर एका हरणीने खाल्लाच!

उत्तर ३: हरणांच्या उद्यानाला किंतेत्सू या खासगी रेल्वेचे नारा स्थानक अधिक जवळ आहे, पण त्या रेल्वेवर जेआर पास (जपान रेल्वेचा प्रवासी पास) चालत नाही.