आरएक्स१०० साठी स्वस्त ग्रिप: चिकटवायची की स्क्रूची?

प्रश्न: सोनी आरएक्स१०० मार्क ७ हा छोटा कॅमेरा पुढून गुळगुळीत आहे, घामट हातातून सटकतो. सोनीची चिकटवायची एजी-आर२ घ्यावी की तळाला बसणारी एल आकाराची साधी ग्रिप? कॅमेरा खिशात मावायला हवा.

उत्तर १: खिशासाठी चिकटवायचीच. एल ग्रिप ट्रायपॉडच्या भोकात बसते, उंची वाढवते. बॅटरी-कार्डाचं झाकणही तळालाच आहे. प्लेटला तिथे खाच नसेल तर कार्ड काढताना दरवेळी स्क्रू सोडवत बसावं लागतं. घेण्याआधी तळाचा फोटो बघाच.

उत्तर २: खरी मेख चिकटवण्यात आहे. हाताचं तेल राहिलं की आठवडाभरात कोपरा उचलतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन पुसा, थेट कॅमेऱ्यावर ओतू नका. मागचा कागद न काढता ग्रिप धरून बघा: मधलं बोट तिच्यावर टेकलं पाहिजे आणि लेन्सची रिंग मोकळी फिरली पाहिजे. कडेने मास्किंग टेपच्या खुणा करा, मग चिकटवून अर्धा मिनिट घट्ट दाबा. २४ तास हात लावू नका. ॲक्रिलिक फोम टेपला पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात.

उत्तर ३: सुटलीच तर फेव्हिक्विक अजिबात नको, वाफेने पांढरे डाग पडतात. डेंटल फ्लॉस करवतीसारखा ओढून जुना फोम कापा, नवी व्हीएचबी टेप (दोन्ही बाजूंनी घट्ट चिकटणारी ॲक्रिलिक फोम टेप) लावा. आणि मनगटाचा पट्टा ठेवाच, ३०२ ग्रॅमचा कॅमेरा नुसत्या टेपच्या भरवशावर सोडू नये.