मदत हवी आहे: पेशंट पडण्याचे बाहेरचे आकडे कुठे मिळतील? सोमवारच्या आत सांगा

वॉर्ड_इनचार्ज:
आमचं प्रमाण १.१ आहे. मॅनेजमेंट म्हणतं, बाहेरच्यांशी तुलना करून दाखवा. नेटवर अमेरिकेचं ३ ते ५ सापडलं. म्हणजे आम्ही चांगल्या ना? हेच स्लाइडवर टाकू का?

रातराणी:
१.१ काय? टक्के? कशाचे? वॉर्ड कुठला, बेड किती?

जुनी_मेट्रन:
आधी स्टाफ मागा. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डला १:३ आहे, म्हणजे तीन पेशंटमागे एक नर्स. २००२ चा नर्सिंग संशोधक लिंडा एकन यांचा अभ्यास दाखवा: नर्समागे एक पेशंट वाढला की ३० दिवसांतल्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते.

रातराणी:
मॅडम, तो अभ्यास पेनसिल्व्हेनियातल्या सर्जरीच्या पेशंटचा. तिने पडण्याचं विचारलंय.

जुनी_मेट्रन:
३० वर्षं वॉर्ड सांभाळलेत. माणसं नसली की पेशंट पडतात, त्याला अभ्यास कशाला लागतो?

साताराकर:
बेडसोरला एअर मॅट्रेस घ्या, आमच्याकडे खूप फरक पडला.

वॉर्ड_इनचार्ज:
बेडसोरचं नाही हो! मेडिसिन वॉर्ड, ४० बेड. तीन महिन्यांत ९ जण पडले, डिस्चार्ज ८२०. म्हणून १.१ टक्के.

क्वालिटी_ताई:
तिथेच घोळ आहे. बाहेरचे ३ ते ५ हे दर हजार पेशंट-दिवसांमागे असतात (एक पेशंट एक दिवस वॉर्डात म्हणजे एक पेशंट-दिवस). हॉस्पिटलना मान्यता देणाऱ्या एनएबीएचलाही तसंच लागतं. रात्री १२ च्या सेन्ससची, म्हणजे वॉर्डातल्या पेशंटच्या मोजणीची, ९० दिवसांची बेरीज किती?

वॉर्ड_इनचार्ज:
रजिस्टर काढून बसले. ३२४०.

क्वालिटी_ताई:
९ भागिले ३२४०, गुणिले १०००. साधारण २.८. आता तुलना होते, पण तरीही "आम्ही चांगल्या" लिहू नका. तिकडे बेडवरून घसरलेलाही नोंदतात. तुमच्याकडे पडल्याची नोंद करायचा इन्सिडंट फॉर्म कधी भरतात?

वॉर्ड_इनचार्ज:
पेशंटला इजा झाली तरच. नाहीतर मेमो मिळेल म्हणून मुली भरत नाहीत.

क्वालिटी_ताई:
मग ९ हा खरा आकडा नाही. हे स्लाइडवर स्पष्ट लिहा.

जुनी_मेट्रन:
आणि वेळा बघा. किती वाजता पडले?

वॉर्ड_इनचार्ज:
आत्ता फॉर्म चाळले. नवातले सहा पहाटे ४ ते ६, बाथरूमच्या उंबऱ्यापाशी. तेव्हा ३६ पेशंटना दोघीच असतात, त्यातली एक सकाळचं ब्लड काढत असते.

जुनी_मेट्रन:
हीच तुमची पहिली स्लाइड. अमेरिका नंतर.